खोली बसून बघा, मग लावा

प्रश्न असा आहे: बैठकीची खोली हौसेने लावली. तीन माणसांचा सोफा, काचेचा टीपॉय, छतात बारा दिवे, नवा रंग. फोटो सुंदर येतात. पण संध्याकाळी तिथे कुणी टिकत नाही. मुलं आपापल्या खोलीत, मोठी माणसं जेवणाच्या टेबलाशी, आणि सोफा रिकामा. काय चुकलं, आणि पुन्हा मोठा खर्च न करता ते सुधारता येईल का?

येईल. रंग आणि सोफा दोन्ही राहू द्या. चूक वस्तूंची नाही, खोली लावताना आपण कुठे उभे होतो त्याची आहे. आराखडा आपण वरून बघतो, फोटो दारातून काढतो, दुकानात उभ्यानेच फिरतो. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीडशे-एकशे साठ सेंटिमीटरवर असतात. सोफ्यात रेलून बसलेल्याचे एकशे दहाच्या आसपास. खोली वापरली जाते ती या दुसऱ्या उंचीवरून, आणि नेमकी तिथूनच ती कुणी बघितलेली नसते.

म्हणून आज अंधार पडल्यावर, नेहमीचे सगळे दिवे लावून, प्रत्येक जागेवर दहा-दहा मिनिटं बसा. नुसतं टेकू नका. मागे रेला, हातात पुस्तक आणि कप घ्या. दिवा डोळ्यात येतो का? पुस्तकावर स्वतःचीच सावली पडते का? कप ठेवायला उठावं लागतं का? समोर कुणाला बसवून नेहमीच्या आवाजात बोललं तर ऐकू जातं का? जी जागा यात नापास होते ती रिकामी राहते. तुमच्या वर्णनावरून सोफ्याच्या तिन्ही जागा नापास होतील असं वाटतं.

सुरुवात उजेडापासून करा, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथे असतो. छतात खोल बसवलेले दिवे उजेड सरळ खाली टाकतात. जमीन लख्ख, टीपॉयची काच लख्ख, डोक्याचा माथा लख्ख. चेहऱ्यावर मात्र भुवयांची, नाकाची, हनुवटीची सावली. समोरचा माणूस दमलेला आणि किंचित रागावलेला दिसतो, तो तसा नसला तरी. मान मागे टेकली की दोन दिवे थेट डोळ्यांत घुसतात. मग माणूस मान टेकतच नाही, आणि मान न टेकता तासभर कुणी बसत नाही.

त्यात ते दिवे निळसर पांढरे असतील, तर उरलासुरला निवांतपणाही जातो. बल्बच्या खोक्यावर तीन आकडे बघायचे. वॅट हा त्यातला नव्हे. बल्ब वीज किती खातो एवढंच तो सांगतो. उजेड किती ते ल्युमेन सांगतं: जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढा आज ८-९ वॅटचा एलईडी देतो. दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० पांढरा, ६५०० निळसर. संध्याकाळी बसायच्या खोलीत २७०० घ्या, फार तर ३०००. आरी क्रॉइटहोफ या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये एका आलेखातून मांडलं की कमी प्रमाणातला उजेड पिवळसर असेल तरच सुखाचा वाटतो. निळसर उजेड मंद केला की खोली उदास दिसते. त्याच्या आलेखाच्या नेमक्या रेषा पुढच्या प्रयोगांत टिकल्या नाहीत, पण ६५०० केल्विनचा एकच मंद बल्ब लावून बसलं की त्याला काय म्हणायचं होतं ते कळतं. शिवाय डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन हे उजेड टिपणारं द्रव्य असलेल्या पेशी असतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने त्या सर्वांत जास्त चेतवल्या जातात आणि अजून दिवस आहे असा निरोप मेंदूला देतात. दिवस संपवून बसलेल्या माणसाला हा निरोप नको असतो.

तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते. ८० चे बल्ब सर्रास मिळतात. बैठकीसाठी ९० किंवा वर मागा. फरक सर्वांत जास्त लाल रंगात दिसतो, म्हणून माणसांच्या कातडीतही दिसतो. तपासायला उपकरण लागत नाही. बल्बखाली तळहात धरा. तो राखाडी आणि निर्जीव दिसला तर बल्ब परत करा. त्या उजेडात घरातलं प्रत्येक माणूस तसंच दिसणार आहे.

आता मांडणी. छतातले बारा दिवे काढायचे नाहीत. झाडलोट करताना, पडलेला स्क्रू शोधताना ते लागतात. संध्याकाळी मात्र ते बंद ठेवायचे आणि त्यांच्या जागी तीन लॅम्प, तीन वेगळ्या उंचींवर.

पहिला वाचायचा. सोफ्याच्या ज्या टोकाला माणूस रेलतो तिथे, खांद्याच्या किंचित मागे आणि बाजूला. इथे एक माप महत्त्वाचं आहे: शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटर. कड वर गेली तर बल्ब दिसतो आणि डोळे दिपतात. खाली आली तर उजेड टेबलावरच सांडतो, पुस्तकापर्यंत पोचत नाही. बाजूचं टेबल ५५ सेंटिमीटर उंच असेल, तर शेडची खालची कड टेबलापासून ४५ ते ५५ सेंटिमीटरवर असलेला लॅम्प हवा. दुकानात लॅम्पची एकूण उंची लिहिलेली असते, हे माप नसतं. टेप घेऊन जा. बल्ब ८०० ल्युमेनचा. तो पानापासून अर्ध्या मीटरवर असताना जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथाई एक मीटरवर पडतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो. कोपऱ्यात उभा केलेला देखणा लॅम्प वाचायला निकामी ठरतो तो याचमुळे. बल्ब मोठा करण्यापेक्षा लॅम्प जवळ ओढा.

दुसरा लॅम्प सोफ्यासमोरच्या, दूरच्या कोपऱ्यात, भिंतीवर उजेड पडेल असा. ४०० ल्युमेन पुरतात. उजळलेली भिंत खोलीला खोलपणा देते आणि चेहऱ्यांवर मऊ उजेड परत फेकते. तिसरा अगदी छोटा, दीडशे-दोनशे ल्युमेनचा, पुस्तकांच्या फळीवर किंवा बुटक्या कपाटावर, कमरेच्या उंचीला. उपयोग काही नाही, पण तो नसला की खोली अपुरी वाटते. तिन्ही बल्ब एकाच केल्विनचे हवेत. २७०० आणि ४००० एका नजरेत आले की एक मळका दिसतो आणि दुसरा दवाखान्यातला.

शेड आतून पांढरी हवी. बाहेरून गडद, आतूनही गडद अशी शेड निम्म्याहून जास्त उजेड गिळू शकते, आणि मग लोक बल्बला दोष देतात.

तीन लॅम्प आणले आणि पंधरा दिवसांत लावायचे सोडून दिले, असं बऱ्याच घरांत होतं. कारण तीन ठिकाणी वाकून तीन बटणं दाबावी लागतात. तिन्ही एका बटणावर घ्या. दाराजवळच्या बटणाने चालणारी सॉकेटं असतील तर उत्तम. नसतील तर एका रिमोटवर चालणारे तीन प्लग पुरतात. दिवेलागणीला एक बटण दाबलं आणि खोली एकदम मऊ झाली, हे सुख रोज मिळणारं आहे. त्यासाठी थोडी खटपट जरूर करावी.

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावणार असाल तर आधी हे वाचा. जुने डिमर तीनशे-चारशे वॅटच्या तारेच्या बल्बांसाठी बनलेले असतात. त्यांवर एकूण वीस-पंचवीस वॅटचे एलईडी टाकले की भार त्यांच्या किमान मर्यादेखाली जातो आणि दिवे लुकलुकतात, गुणगुणतात किंवा बंद करूनही मंद जळत राहतात. एलईडीसाठी सहसा ट्रेलिंग एज प्रकारचा डिमर लागतो, आणि बल्बवर तो डिमर चालणारा असल्याचं लिहिलेलं हवं. दोन्ही एकत्र जमले तरच काम होतं. बदल वायरमनकडून करून घ्या. लुकलुक डोळ्यांना दिसत नसली तरी डोकं दुखवू शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून पेटलेला बल्ब बघा. चित्रात उजेड फडफडताना दिसला तर बल्ब बदला. आणखी एक: पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी घालू नका. आत गरमी कोंडते, बल्बच्या बुडातला विजेचा भाग तापतो आणि बल्ब लवकर जातो. तशा जागेसाठी बनवलेले बल्ब वेगळे मिळतात.

उजेड जमला तर अर्धं काम झालं. आता बसण्याचं.

तीन माणसांच्या सोफ्यावर तिघं ओळीने बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघतात. मधल्याला दोन्हीकडे मान वळवावी लागते, म्हणून मधली जागा बहुतेक रिकामीच असते. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसलेली माणसं समोरासमोर किंवा शेजारी बसलेल्यांपेक्षा खूप जास्त बोलत होती. कारण सरळ आहे: काटकोनात बसलं की बघायचं असेल तेव्हा चेहरा दिसतो, आणि नजर हटवायची असेल तर मान न वळवता समोर बघता येतं. घरातल्या माणसांना ही मोकळीक फार लागते, विशेषतः वयात आलेल्या मुलांना. ज्या गोष्टी समोरासमोर निघत नाहीत त्या काटकोनात निघतात.

तेव्हा सोफ्याच्या वाचायच्या टोकाजवळ एक खुर्ची काटकोनात ओढा, दोघांचे गुडघे साठ ते नव्वद सेंटिमीटर अंतरावर राहतील अशी. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांचे पट्टे मांडले, त्यात ४५ सेंटिमीटर ते सव्वा मीटर हा जवळच्या माणसांचा पट्टा. सव्वा मीटर ते साडेतीन मीटर हा ओळखीपाळखीचा, कामकाजाचा. मोठ्या खोलीत सगळं फर्निचर भिंतींना चिकटवलं की घरचीच माणसं या दुसऱ्या पट्ट्यात जाऊन बसतात. तीन मीटरवरून आवाज चढवून बोलावं लागतं, आणि चढलेल्या आवाजात कुणी मनातलं बोलत नाही. सोफा भिंतीला राहू द्या, खुर्च्या मात्र आत आणा. खुर्चीची पाठ दाराकडे नको; मागून कोण येतंय ही जाणीव सतत राहते. आणि दोन बैठकींच्या मधून येण्याजाण्याची वाट नको. वाट खुर्चीच्या मागून न्या, ८० ते ९० सेंटिमीटर रुंद.

सोफा फार खोल असेल तर तेही तपासा. पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोठ्या माणसाचं माप ४५ ते ५० सेंटिमीटर असतं. बैठक ५५ च्या पुढे गेली की पाठ टेकली तर पाय लोंबतात आणि पाय टेकले तर पाठ सुटते. उपाय स्वस्त आहे: पाठीमागे ४५ बाय ४५ ची भरीव उशी, शोभेची पोकळ नव्हे.

आता त्या काचेच्या टीपॉयविषयी माझं मत स्पष्ट आहे: एकट्या त्याच्यावर खोली चालत नाही. टीपॉय सोफ्याच्या कडेपासून ३५ ते ४५ सेंटिमीटरवर आणि बैठकीइतका किंवा दोन-चार सेंटिमीटर बुटका हवा. तुमचा बहुधा सत्तर सेंटिमीटरवर आहे, कारण फोटोत तसा बरा दिसतो. रेललेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. पोचला तरी काचेवर कप टक्कन वाजतो, ओला गोल उमटतो, आणि घरातलं कुणीतरी ‘अरे, खाली काहीतरी ठेव’ म्हणतं. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस कप घेऊन जेवणाच्या टेबलाशी जातो. म्हणूनच तुमच्या घरची मोठी माणसं तिथे सापडतात.

प्रत्येक बसायच्या जागेला हाताशी एक पृष्ठभाग हवा. बाजूचं टेबल सोफ्याच्या हाताइतकं उंच, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे. वरचा भाग निदान ४० बाय ४० सेंटिमीटर. म्हणजे लॅम्पचं बूड, कप, चष्मा आणि उपडं ठेवलेलं पुस्तक एवढं मावतं. लाकूड असेल तर त्याला डाग सोसणारं पॉलिश करून घ्या. जागा अगदी कमी असेल तर सी आकाराचं टेबल मिळतं, ज्याचा पाय सोफ्याखाली सरकतो.

मुलांबद्दल एक साधी गोष्ट. ती आपल्या खोलीत जातात, कारण चार्जिंगची जागा तिथे आहे. सोफ्याच्या टोकाशी चार सॉकेटांची पट्टी टेबलाच्या मागच्या पायाला आडवी बांधा. वायर भिंतीच्या कडेने न्या, गालिच्याखालून कधीच नको. पायांखाली आवरण झिजतं, गरमी बाहेर पडत नाही आणि आगीची भीती असते. दुसरं, खोलीत एक अर्धवट काम उघडं राहू द्या. हजार तुकड्यांचं कोडं साधारण ५० बाय ७० सेंटिमीटरचं होतं. त्यासाठी ६० बाय ८० ची प्लायवुडची फळी घ्या, कडेला बोटभर पट्टी मारा. रात्री ती सोफ्याखाली सरकवायची, तेव्हा सोफ्याखालची मोकळी उंची आधी मोजा. जाता जाता दोन तुकडे लावायला थांबलेलं मूल अर्धा तास बसतं. त्याला बोलावलेलं नसतं, म्हणून बसतं.

आता कानांचं. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे धातूसारखी झणझण ऐकू आली, तर काच, फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवत आहेत. दोन माणसं आणि एक टीव्ही एवढ्यानेच अशी खोली दमवते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहाची अशीच तक्रार वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आली. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. सबाइनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मोजून मांडल्या, आणि स्टॉपवॉच घेऊन घुमण्याचा वेळ कसा उतरतो ते टिपलं. सकाळच्या आत गाद्या परत. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला. तुमच्या खोलीतही उपाय तोच, मऊ पृष्ठभाग वाढवायचे. पातळ गालिचा फक्त तीक्ष्ण आवाज शोषतो. त्याखाली ८ ते १० मिलिमीटरचं फेल्टचं अस्तर घातलं की फरक कानाला कळतो आणि गालिचा सरकतही नाही.

पडद्यांत लोक कापड वाचवायला जातात आणि सगळंच घालवतात. दांडी चौकटीच्या १०-१५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना २०-२० सेंटिमीटर बाहेर न्या. खिडकी १५० सेंटिमीटर रुंद असेल तर दांडी १९० झाली. चुण्या नीट पडायला दुप्पट कापड, म्हणजे ३८०. कापडाचा पन्हा १४० असेल तर तीन पट्टे लागतात. दोन घेतले की पडदा ओढल्यावर ताणलेल्या चादरीसारखा दिसतो आणि आवाजही शोषत नाही. लांबी जमिनीपासून एक सेंटिमीटर वर. कापड धुतल्यावर आटणारं असेल तर शिवण्याआधी धुवून घ्या.

भिंतीवरच्या फ्रेम जवळपास सगळीकडे उंच टांगलेल्या असतात, कारण खिळा ठोकणारा उभा असतो. मोकळ्या भिंतीवर फ्रेमचा मध्य १४५ सेंटिमीटरवर ठेवा. खिळ्याची उंची अशी काढायची: १४५, अधिक फ्रेमच्या उंचीचं निम्मं, वजा मागची तार ताणून धरल्यावर तिचा शेंडा वरच्या कडेपासून जितका खाली येतो ते अंतर. फ्रेम ६० उंच आणि तारेचा शेंडा ८ खाली असेल तर १४५ अधिक ३० वजा ८, म्हणजे खिळा १६७ वर. सोफ्यावर मात्र हा हिशेब सोडा. तिथे फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५-२० सेंटिमीटर वर हवी, नाहीतर चित्र तरंगत राहतं.

रंग बदलायची घाई नको. आताचा रंग रात्री उदास वाटत असेल तर तो बहुधा ६५०० केल्विनमध्ये बघितलेला रंग आहे. बल्ब बदलून आठवडाभर थांबा. तरीही नकोसा वाटला तर नवा रंग थेट भिंतीवर लावून बघू नका. ३० बाय ३० च्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी खिडकीजवळ, रात्री लॅम्पजवळ, भिंतीला उभा लावून बघा.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी छतातले दिवे बंद करून झोपायच्या खोलीतला लॅम्प आणि एखादं स्टूल सोफ्याच्या टोकाशी आणा, एक खुर्ची काटकोनात ओढा. आठवडाभर तसंच चालू द्या. या आठवड्यात खुर्ची आपोआप थोडी सरकेल, स्टूल बाजू बदलेल. ते परत जागेवर लावू नका, कारण ती जागा माणसांनी बसून ठरवलेली असते. मग टेबल, लॅम्प आणि बल्ब घ्या. गालिचा सगळ्यात शेवटी. आधी जमिनीवर मास्किंग टेपने त्याचा आयत आखा, सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय निदान १५-२० सेंटिमीटर आत येतील असा. तीन माणसांच्या सोफ्याला १६० बाय २३० बहुतेक वेळा तोकडा पडतो आणि २०० बाय ३०० बसतो. टेप दोन दिवस तशीच ठेवा आणि दार उघडताना त्याची खालची कड गालिच्यावर घासेल का तेही बघून घ्या.